गंगापूर रोडवरची तीन अंडी: बांबू शार्कचं एक प्रकरण

प्रकरण थोडक्यात असं. नाशिकला गंगापूर रोडवरचं एक घर, दिवाणखान्यात ४ × २ × २ फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी, आणि जानेवारीच्या शेवटी मुंबईहून थर्मोकोलच्या पेटीतून आलेली बांबू शार्कची तीन अंडी. त्यांतलं एक रिकामं निघालं, एक मेमध्ये गेलं आणि एकातून जूनच्या पहिल्या आठवड्यात पिल्लू बाहेर आलं. मी शहरात समुद्री टाक्या लावून देतो आणि त्यांची देखभाल करतो. ही टाकीही माझ्याकडेच आहे. मालक निवृत्त, सारी नोकरी अंबडच्या कारखान्यात गेलेली, नोंदी ठेवायची सवय अंगात मुरलेली. मी त्यांना काका म्हणतो, इथेही तसंच म्हणेन. त्यांच्या वहीतल्या नोंदी हाताशी आहेत म्हणूनच हे सगळं एवढ्या तपशिलात लिहिता येतंय.

सुरुवातीला आम्हा दोघांनाही वाटलं होतं की कस लागेल तो पाण्याचा. पाण्याचा लागलाच, पण सगळ्यात जास्त ताकद गेली ती घरातली घाई थोपवण्यात.

अंडी आणि पाणी

सगळ्या शार्क अंडी घालत नाहीत. बहुतेक जातींत पिल्लं आईच्या पोटातच वाढतात. अशा भ्रूणाला बाहेर वाढवणं हे घरच्या टाकीचं काम नाही, ती प्रयोगशाळेची बाब आहे. जपानमध्ये ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयातल्या लोकांनी खोल पाण्यातल्या छोट्या कंदील-शार्कची भ्रूणं कृत्रिम गर्भाशयात कित्येक महिने जगवून दाखवली आहेत. बांबू शार्क मात्र अंडी घालते. खडकाच्या कपारीत किंवा वाळूवर चपटं, साधारण ११ सेंटीमीटर लांब आणि ५ सेंटीमीटर रुंद, तपकिरी चिवट कवच सोडून ती निघून जाते. आत एक बलक आणि त्यावर एक भ्रूण. पुढचे चार-पाच महिने त्याला आई नाही, खाणं नाही, निघून जायची सोय नाही. बंदिस्त जागेत वाढवायला म्हणूनच ही जात सोयीची. जगभरातल्या मत्स्यालयांत ही बऱ्याच ठिकाणी दिसते आणि शार्कच्या वाढीचा अभ्यास करणारेही बऱ्याचदा हिचीच अंडी वापरतात.

आमच्याकडे आलेली जात ब्राउनबॅन्डेड बांबू शार्क. पिल्लांच्या अंगावर काळे-पांढरे ठळक पट्टे असतात, मोठेपणी ते पुसट होत जातात आणि मासा साधा तपकिरी दिसू लागतो. दुकानदार फोटो दाखवतो तो नेहमी पट्ट्यांचा. पूर्ण वाढलेली मादी एक मीटरच्या घरात जाते, तिचा फोटो सहसा दाखवत नाहीत.

विक्रेत्याने सांगितलं होतं की अंडी तीनेक आठवड्यांची आहेत आणि मादी ज्या टाकीत आहे तिथे नर नाही. हे ऐकून काकांनी मला फोन केला. "अरे, मग ह्यातून काय डोंबल निघणार? फसवलं म्हणायचं का?" तसं लगेच म्हणता येत नाही. ह्याच जातीची एक मादी सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयात नरापासून वेगळी राहूनही पिल्लं देऊ शकली. तिने शुक्राणू किमान ४५ महिने शरीरात साठवून ठेवले होते, असं जनुकीय तपासणीतून दिसलं. शिवाय नराचा अजिबात संबंध नसतानाही काही शार्क माद्यांना पिल्लं होतात. अमेरिकेत ओमाहाच्या प्राणिसंग्रहालयात २००१ मध्ये बॉनेटहेड जातीचं पिल्लू असंच जन्मलं आणि ते एकट्या आईचंच असल्याचं २००७ मध्ये जाहीर झालं. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलच्या मत्स्यालयातल्या झेब्रा शार्कला २०१६ मध्ये नराशिवाय तीन पिल्लं झाली. तेव्हा अंडं भरलेलं आहे की नाही, हे नर होता का ह्यावरून ठरत नाही. टॉर्च लावून बघावं लागतं.

त्याआधी पाणी. समुद्र आपल्यापासून कसारा घाटाच्या पलीकडे, त्यामुळे इथली प्रत्येक समुद्री टाकी नळाच्या पाण्यातून तयार होते. गंगापूर आणि मुकणे धरणाचं पाणी शुद्ध होऊन क्लोरीनसकट घरी येतं. ते आरओतून काढायचं आणि त्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम सॉल्ट मिक्स विरघळवायचं. टाकीत टाकण्याआधी ते रात्रभर पंपावर फिरलं पाहिजे. घनता १.०२५ च्या आसपास. हाडांचा सांगाडा असलेल्या नेहमीच्या माशांना थोडी उतरलेली क्षारता चालून जाते, कधी कधी आजारात ती मुद्दाम उतरवतातही. शार्कच्या बाबतीत तो विचारही करायचा नाही. शार्क आपल्या रक्तात युरिया साठवून समुद्राच्या खारेपणाशी तोल राखते. बाहेरचं पाणी पातळ झालं की तो तोल जातो. दुसरं पथ्य तांब्याचं. पांढऱ्या ठिपक्यांच्या आजारावर दुकानात सर्रास मिळणारी तांब्याची औषधं शार्कच्या जिवावर उठतात. काकांच्या टाकीत कधीच तांबं पडलेलं नव्हतं, म्हणून मी अंड्यांना हो म्हटलं. पडलेलं असतं तर खडक आणि वाळू बदलल्याशिवाय हो म्हटलं नसतं.

जानेवारीत नाशिकची थंडी कशी असते ते इथल्यांना सांगायला नको. पारा दहाच्या खाली जाणं नवलाचं नाही आणि काकांच्या दिवाणखान्याच्या खिडक्या नदीकडच्या. आधीचा हीटर जुना होता आणि टाकीत हात घातला की काकूंना कधी कधी झिणझिण्या जाणवत. तो मी पहिल्याच दिवशी काढला. माणसाच्या सुरक्षेचा प्रश्न तर आहेच, पण शार्कला नाकाडावरच्या बारीक छिद्रांतून विजेचं अतिशय क्षीण क्षेत्रही कळतं, आणि हे अंड्यात असल्यापासूनच. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ह्याच जातीच्या भ्रूणांवर प्रयोग केला. शिकारी माशाच्या अंगातून येतं तसं विद्युत क्षेत्र त्यांनी अंड्याभोवती निर्माण केलं, तर आतल्या मोठ्या भ्रूणांनी कल्ल्यांची हालचाल थांबवली आणि ती गप्प पडून राहिली. गळका हीटर टाकीत चार महिने ठेवणं म्हणजे त्या जिवाला सतत धाक घालत बसणं, असा माझा तर्क. दोन नवे हीटर लावले, प्रत्येकी २०० वॅटचे, आणि टाकीच्या लाइनचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलं. एकच मोठा हीटर लावला आणि तो चालू अवस्थेत अडकला तर रात्रीत पाणी तापतं. दोन छोट्यांतला एक अडकला तरी वेळ मिळतो.

तापमान २५ अंशांवर ठेवलं.

टॉर्चखाली

अंडं बघायची रीत सोपी आहे, पण ते पाण्याबाहेर काढायचं नाही. पारदर्शक प्लास्टिकचा डबा टाकीतच बुडवायचा, अंडं आतल्या आत त्यात सरकवायचं, डबा भरलेलाच वर आणायचा. खोलीत अंधार करायचा आणि खालून मोबाइलचा टॉर्च. अंडं ज्या बाजूवर पडलेलं असेल ती बाजू बदलायची नाही, हलवाहलवी तर नाहीच, कारण सुरुवातीच्या दिवसांत बलकाचं आवरण फार नाजूक असतं.

फेब्रुवारीच्या मध्याला तिन्ही अंडी पाहिली. पहिल्यात नुसता पिवळा बलक, कडा स्वच्छ, काहीही हलत नाही. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात बलकाच्या वर एक गुलाबी दोरा, टाचणीपेक्षा थोडा लांब, आणि तो सारखा इकडून तिकडे वळवळतोय. काकूंनी देवघरात जाऊन दिवा लावला. काकांनी वहीत लिहिलं, "अं. २, अं. ३: हालचाल सतत. अं. १: नाही."

पहिलं अंडं लगेच फेकून द्यायची काकांची तयारी होती. मी थांबवलं, कारण तिन्ही अंडी एकाच दिवशी घातलेली असतील असं नाही. मार्चच्या सुरुवातीला त्यातला बलक फुटून आतलं पाणी गढूळ झालं तेव्हा ते काढलं. त्याआधी काढायचं कारण नव्हतं आणि त्यानंतर ठेवायचं नव्हतं. कुजणारा बलक म्हणजे टाकीत थेट विषारी अमोनिया.

मार्चअखेर दुसऱ्या-तिसऱ्या अंड्यात डोळे दिसू लागले. मग मानेच्या दोन्ही बाजूंना बाहेर लोंबणारे लाल बारीक धागे. हे भ्रूणाचे बाहेरचे कल्ले. ते कायमचे नसतात, मोठं होताना नाहीसे होतात. ह्याच सुमारास एक गोष्ट घडते जी टाकीसमोर बसणाऱ्याच्या नजरेतून सहज सुटते. तोवर कवच बंद असतं, आत जेलीसारखा द्रव असतो. मग कवचाच्या कडांना बारीक चिरा उघडतात, जेली विरघळते आणि टाकीचं पाणी थेट आत येतं. त्या क्षणापासून भ्रूण तुमच्या पाण्यात राहतं. तोपर्यंतच्या तुमच्या छोट्या-मोठ्या चुका कवचाने झेललेल्या असतात. आता शेपूट सतत हलवून ते ताजं पाणी आत ओढतं, वापरलेलं बाहेर ढकलतं. डब्यात टॉर्चखाली पाहिलं तर शेपटीच्या टोकाचा पट्टा कवचाच्या एका कोपऱ्यात अखंड फडफडताना दिसतो. बलक अजून भरपूर असतो, भूक नसते. त्याला हवा असतो प्राणवायू, आणि तो फक्त बाहेरच्या वाहत्या पाण्यातूनच मिळतो.

चिरा उघडल्या तेव्हा मी दोन्ही अंडी वाळूवरून उचलून प्लास्टिकच्या जाळीच्या टोपलीत ठेवली आणि टोपली टाकीत पाणी परत सोडणाऱ्या रिटर्न पंपाच्या तोंडाशी, मंद प्रवाहात टांगली. अंड्यांना हात लावायचा तर पाण्याखालीच, कारण आता चिरांतून हवेचा बुडबुडा आत शिरू शकतो.

नातवाची सुट्टी

एप्रिलमध्ये खरा वाद झाला. काकांचा नातू बंगळुरूला असतो. मेच्या पहिल्या आठवड्यात तो येणार आणि महिनाअखेर परत जाणार. काकांच्या हिशोबाने पिल्लं जूनमध्ये निघणार होती. एके दिवशी मी टाकीचं काम करत होतो तेव्हा ते शेजारी खुर्ची ओढून बसले.

"तापमान वाढवलं की लवकर फुटतात ना?"

"फुटतात, काका."

"मग हीटर २९ वर लाव. तीस म्हण. पोराला बघायला मिळेल."

"लवकर फुटतील, पण बारकी निघतील."

"दोन-चार डिग्रीने काय आभाळ कोसळतं? उन्हाळ्यात समुद्र तापतोच की."

हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं, कुठल्याही अंड्याबाबत, आणि नुसतं "नको" म्हटलं की लोकांना वाटतं आपण काम टाळतोय. म्हणून आकड्यांत सांगितलं. बांबू शार्कच्या कुळातली एपॉलेट शार्क ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर राहते. तिची अंडी बॉस्टनच्या न्यू इंग्लंड मत्स्यालयात २७, २९ आणि ३१ अंशांवर वाढवून पाहिली. २०२१ च्या जानेवारीत ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २७ अंशांवर पिल्लं सुमारे १२५ दिवसांत बाहेर आली, ३१ वर सुमारे १०० दिवसांत. पंचवीस दिवस वाचले, पण उष्ण पाण्यातली पिल्लं लहान होती, त्यांनी बलक भराभर संपवला होता आणि त्यांच्यात दम कमी होता. आमच्याच जातीवर पोर्तुगालमध्ये झालेलं काम २०१४ मध्ये आलं. तिथे पाणी ३० अंशांवर नेलं आणि समुद्रात भविष्यात वाढेल तेवढी आम्लताही दिली, तेव्हा पिल्लं तगण्याचं प्रमाण घसरलं.

कारण साधं आहे. बलक ही आईने एकदाच बांधून दिलेली शिदोरी. पाणी तापलं की भ्रूणाचा सगळा कारभार वेगात चालतो आणि शिदोरी वाट संपायच्या आत संपत येते. त्यात भर म्हणजे तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. समुद्राच्या खारेपणाचं पाणी २५ अंशांवर लिटरला सुमारे ६.७ मिलिग्रॅम प्राणवायू धरतं, ३० वर ६.२ च्या आसपास. म्हणजे गरज वाढते आणि पुरवठा घटतो, आणि हे नेमकं तेव्हा जेव्हा आतलं बाळ एका चिरेतून श्वास घेत असतं.

काकांनी आकडे वहीत उतरवून घेतले आणि म्हणाले, "ठीक आहे. पण मग २५ म्हणजे २५. तूही उन्हाळ्यात २८ चालतंय म्हणायचं नाही." बरोबर बोलले. एप्रिलच्या शेवटी बाहेर ३९-४० होतं तेव्हा खरा झगडा पाणी तापू न देण्याचाच होता. पाणी थंड करणारा चिलर महाग, म्हणून सम्पवर, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीवर, पंखा बसवला. नाशिकच्या कोरड्या हवेत हा उपाय झकास चालतो, पाणी उडून जाताना दोन-तीन अंश सहज उतरवतं. किंमत एवढीच की रोज चार-पाच लिटर पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. तेवढं साधं आरओचं पाणी रोज परत घालावं लागतं, खारं नाही. काका ते सकाळ-संध्याकाळ मोजून घालायचे. घनता १.०२५ वरून १.०२६ झाली तरी त्यांचा फोन यायचा. मेमध्ये ढग येऊन हवा दमट झाली तसा पंख्याचा जोर ओसरला आणि पाणी २७ पर्यंत चढलं. त्याला इलाज नव्हता आणि २७ ला मी घाबरतही नव्हतो.

वादाचा दुसरा अंक यूट्यूबवरून आला. कुणीतरी ब्लेडने कवच कापून जिवंत पिल्लू बाहेर काढताना दाखवलं होतं. संशोधक कवचाला खिडकी पाडून आतली वाढ पाहतात हे खरं, पण त्यांच्याकडे गमावायला अंडी असतात आणि हातात सराव असतो. पोटाशी बलकाची पिशवी लोंबत असताना बाहेर काढलेलं पिल्लू वाळूवर घासलं, पिशवी फाटली, की संपलं. शेवटी काकूंनीच निकाल दिला, "ज्याचा त्याचा वेळ असतो. नातू काय, दिवाळीतही येईल."

दुसरं अंडं

नातू आला. सुट्टीत घर भरलं, शेजारपाजारची मुलं यायची. अंडी टोपलीत मागच्या बाजूला होती आणि तिथे नीट दिसत नव्हती, म्हणून एक अंडं पुढच्या काचेजवळ, वाळूवर, एका खडकाच्या आडोशाला आणून ठेवलं गेलं. कुणी ठेवलं ह्यावर घरात एकमत नाही आणि मला त्यात पडायचंही नाही. मी तेव्हा मुंबईला होतो.

त्याच आठवड्यात वळवाचा पाऊस झाला. रात्री लाइट गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. इन्व्हर्टरवर घरातले पंखे आणि दिवे होते. टाकीचा सॉकेट त्यावर घ्या असं ठरलं होतं, वायरमन यायचा राहिला होता. बॅटरीवरचा एअर पंप मात्र होता, लाइट जाताच तो आपोआप सुरू झाला. त्याचा एअर स्टोन, म्हणजे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड, मागच्या कोपऱ्यात, टोपलीच्या खालीच.

सकाळी तिसरं अंडं ठीक होतं. दुसऱ्यात शेपूट हलत होती, पण थांबून थांबून. दोन दिवसांनी ती थांबली. टॉर्चखाली पाहिलं तर भ्रूण कवचाच्या खालच्या टोकाला निपचित पडलेलं.

पाणी तपासलं: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, घनता १.०२५, तापमान २७. दोन्ही अंडी त्याच पाण्यात होती, म्हणजे दोष पाण्यात शोधून उपयोग नव्हता. मग काकांच्या संमतीने कवच उघडलं. पिल्लू जवळपास पूर्ण घडलेलं होतं. पट्टे उमटलेले, बाहेरचे कल्ले नाहीसे झालेले. बलक अजून शिल्लक होता, म्हणजे उपासमार नाही. अंगावर बुरशी नाही, जखम नाही. कवचाची एक चीर मात्र खालच्या बाजूला येऊन वाळूत रुतलेली होती. उरला फरक फक्त जागेचा. एक अंडं बुडबुड्यांच्या वर लटकलेलं, दुसरं दूर, खडकामागे, वाळूवर. सगळे पंप बंद पडले की टाकीतलं पाणी थरांत पडून राहतं. पृष्ठभागावर हवा मिळते, तळाशी खडकामागच्या कोनाड्यात मिळत नाही, आणि तिथे वाळूतले जिवाणूही तोच प्राणवायू वापरत असतात. मोठा मासा अशा वेळी वर येतो. कवचातलं बाळ कुठे जाणार? शेपूट मारून मारून ते तेच वापरलेलं पाणी आत ओढत राहिलं असणार.

माझा निष्कर्ष म्हणून तापमान किंवा क्षारतेकडे जात नाही, गुदमरण्याकडे जातो. आणि ह्या टप्प्यावर अंड्याची जागा हा दिसण्या-न दिसण्याचा प्रश्न नसतो. दुसऱ्या दिवशी वायरमन आला आणि टाकी इन्व्हर्टरवर गेली.

बाहेर आल्यावर

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी काकांचा फोन आला, "टोपली रिकामी आहे." रिकामी नव्हती. कवचाचं एक टोक उघडलं होतं आणि पिल्लू टोपलीच्या कोपऱ्यात कवचाखालीच लपलं होतं. मापलं तर साधारण १५ सेंटीमीटर. पोटाला किंचित फुगवटा, बाहेर पिशवी नाही. आम्हाला हवं होतं ते हेच: बलक बाहेर संपला, थोडा आत उरला. नातू थोड्याच दिवसांपूर्वी बंगळुरूला परतला होता, त्याने ते व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला की हे चावतं का.

पुढचा आठवडा काकूंचा जीव टांगणीला. पिल्लू खातच नव्हतं. आतला बलक संपेपर्यंत ते खात नाही, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं, पण ताटात वाढलेलं तसंच परत जातंय हे नाशिकच्या घरात कुणाला बघवत नाही. रोज कोळंबीचा तुकडा आणि रोज तो तसाच बाहेर. दहाएक दिवसांनी लांब चिमट्याने सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा तोंडाजवळ वाळूवर हलवला, तर पिल्लाने नाकाड डावी-उजवीकडे फिरवलं, एकदा चुकवलं, आणि मग खटकन ओढला. त्यानंतर अडचण आली नाही. एक दिवसाआड खाणं: कोळंबी, माकूळ, बिनकाट्याचा ताजा मासा. बर्फातल्या माशावर मीठ-हळद लागलेली नको. गोठवलेल्या खाण्यातली जीवनसत्त्वं घटतात, म्हणून आठवड्यातून एकदा तुकड्यात जीवनसत्त्वांचे थेंब. आयोडीनकडेही लक्ष ठेवावं लागतं. बंदिस्त शार्कना ते कमी पडलं की गळ्याशी गलगंड होतो, आणि साठलेला नायट्रेट त्यात भर घालतो.

आता मूळ अडचणीकडे. हे पिल्लू मीटरभराचं होणार. चार फुटांच्या टाकीत मीटरभराचा मासा वळूसुद्धा शकत नाही. अंडी स्वीकारतानाच मी काकांकडून हे कबूल करून घेतलं होतं की मोठी जागा ठरल्याशिवाय अंडं टाकीत उतरणार नाही. त्यांच्या ओळखीतल्या मुंबईच्या एका मोठ्या खाऱ्या टाकीच्या मालकाशी फेब्रुवारीतच बोलणं झालं होतं. तरी जुलैमध्ये, पिल्लू चिमट्यातून खायला लागल्यावर, काकांनी दुसराच विचार मांडला. ह्याला घेऊन अलिबागला जाऊ आणि सोडून देऊ. जिथलं तिथे.

जिथलं तिथे नव्हतंच ते. ही जात मुख्यतः आग्नेय आशियापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंतची. आपल्या किनाऱ्यावर मुशी म्हणून बाजारात येणाऱ्या छोट्या शार्कमध्ये बांबू शार्क असते, पण ती दुसऱ्या जातीची, करडी. परक्या जातीचं, मत्स्यालयातल्या कुठल्या ना कुठल्या जिवाणूंसह वाढलेलं पिल्लू समुद्रात सोडणं हे उपकार नाहीत. सोडणं कसं करतात त्याची उदाहरणं आहेत. माल्टामध्ये शार्कलॅब ही संस्था घाऊक मासळीबाजारात मेलेल्या माद्यांच्या पोटातून अंडी काढून वाढवते आणि पिल्लं त्याच समुद्रात सोडते, कारण ती तिथलीच असतात. इंडोनेशियाच्या राजा अम्पतमध्ये झेब्रा शार्क जवळपास नाहीशी झाली होती. तिथे मत्स्यालयांतल्या माद्यांची अंडी जनुकं तपासून, त्या भागाशी जुळणारीच निवडून विमानाने नेली, स्थानिक उबवणी केंद्रांत फोडली, पिल्लं मोठी केली आणि २०२३ च्या जानेवारीत पहिली दोन समुद्रात गेली. ह्या सगळ्यामागे अनेक देशांतली मत्स्यालयं, शास्त्रज्ञ आणि तिथलं सरकार उभं आहे. आपल्यामागे एक थर्मोकोलची पेटी आणि अर्धवट पावती.

पावतीवरून आठवलं. विक्रेत्याने बिलावर नुसतं "मरीन फिश" लिहिलं होतं. व्हेल शार्क २००१ पासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे आणि त्याच वर्षी आणखी काही शार्क, करवतमासे आणि पाकट त्यात आले. यादी नंतरही बदलत आली आहे. शार्क ह्या शब्दाखाली काहीही विकलं जातं, त्यामुळे जातीचं नाव बिलावर लिहून घेणं आणि ते यादीशी ताडून पाहणं हे अंडं घरी येण्याआधीचं काम आहे. काकांनी दुसऱ्यांदा फोन करून नाव लिहून घेतलं.

ऑक्टोबरमध्ये पिल्लू मुंबईला गेलं, तेव्हा ते २५ सेंटीमीटरच्या पुढे होतं. जाड पिशवीत एक हिस्सा पाणी, दोन हिस्से प्राणवायू, आदल्या दोन दिवशी उपास, आणि पहाटे निघायचं म्हणजे घाटात ऊन लागत नाही. तिकडच्या टाकीचं पाणी मी आधी तपासून आलो होतो. तळाला बारीक वाळू, खडक कमी, लपायला एक रुंद कपार, आणि टाकीत ट्रिगरमासा नाही, कारण तो अशा पिल्लाचे पर कुरतडतो. नव्या जागी पहिल्याच रात्री त्याने खाल्लं, असा त्या मालकाचा निरोप आला.

काकांच्या टाकीत आता क्लाउनमासे आणि दोन चिमुकले गोबी आहेत. दिवाळीला नातू आला होता. त्याच्या आग्रहावरून काकांनी परवा विचारलं की पुढच्या जानेवारीत परत दोन अंडी मागवायची का. मी त्यांना दोन गोष्टी विचारल्या आहेत: मोठं झाल्यावर ते कुणाकडे जाणार, आणि त्या मालकाचं लेखी उत्तर आलं आहे का. तोवर टोपली धुऊन, वाळवून माझ्याकडेच ठेवली आहे.